अपत्यवियोग आणि पगारी रजा

नोकरी म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेले काम करून ठरलेले वेतन घेण्याचा करार होय. या कराराला काही अपवाद समाजाने फार पूर्वीपासून मान्य केले आहेत. आजारी मनुष्याच्या हातून काम होत नाही, म्हणून आजारपणाची रजा असते. बाळंतिणीला विश्रांती हवी, म्हणून प्रसूतिरजा असते. सतत काम केल्याने शरीर व मन थकते, म्हणून हक्काची रजा साठते. परंतु ज्या आईबापाचे मूल आज सकाळी दगावले त्यांना कोणती रजा द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक देशांच्या नियमपुस्तकांत पुष्कळ काळपर्यंत नव्हते, व अनेक ठिकाणी ते आजही नाही. गेल्या काही वर्षांत काही देशांनी यासाठी स्वतंत्र कायदे केले. ते कसे झाले, त्यांत काय आहे, आपल्याकडे या बाबतीत काय स्थिती आहे आणि खेड्यातील शिक्षकाचा याच्याशी कोठे संबंध येतो, याचा विचार या लेखात केला आहे.

समाजाने दिलेली रजा

कायद्याने रजा देण्याच्या कितीतरी आधी रूढीने ती दिली होती. घरात मृत्यू झाला म्हणजे सुतक पडते. सुतक असलेल्या घरचा मनुष्य देवळात जात नाही, मंगलकार्यात मिसळत नाही. या नियमांकडे केवळ विटाळाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांतील एक गोष्ट नजरेआड होते. दहा दिवस त्या घराकडून नित्याच्या व्यवहाराची अपेक्षा कोणी करीत नाही. पहिल्या दिवशी चूल पेटत नाही, तेव्हा भावकीतील व शेजारची माणसे भाकरी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. पेरणीचे दिवस असतील तर इर्जिक घालून दुःखी घराचे शेत गाव पेरून देतो. मुसलमान समाजात तीन दिवसांचा शोक पाळला जातो. कोकणातील बेने इस्राएल समाज ज्या यहुदी धर्माचा आहे त्यात सात दिवस घरी बसून शोक करण्याची रीत आहे. धर्म निराळे, दिवसांची संख्या निराळी. परंतु मृत्यूनंतर काही काळ माणसाला कामातून मोकळे ठेवावे व त्याच्या पोटाची काळजी इतरांनी घ्यावी, ही कल्पना सर्वत्र समान आहे. पगारी रजा म्हणजे हीच कल्पना नोकरीच्या जगात आणणे होय.

तथापि रूढीलाही एक मर्यादा होती. मूल जितके लहान, तितके त्याचे सुतक कमी, असा धर्मशास्त्राचा सर्वसाधारण दंडक आहे. चूडाकर्म न झालेल्या बालकाचे अशौच एका रात्रीचे व ते झालेल्याचे तीन रात्रींचे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. ज्या काळी घरोघरी अनेक मुले जन्मत व त्यांतील कित्येक पहिल्या दोन-चार वर्षांत जात, त्या काळी प्रत्येक वेळी पूर्ण सुतक पाळणे घराला झेपले नसते, हे यामागील एक कारण असू शकेल. परंतु सुतक लहान म्हणून आईचे दुःख लहान, असे कधीच नव्हते. तान्हे मूल गेलेल्या आईला ‘दुसरे होईल’ असे सांगून कामाला लावण्याची जी सवय समाजाला आहे तिचे मूळ येथे सापडते. कायदे करणाऱ्यांनाही या सवयीतून बाहेर पडण्यास वेळ लागला.

दुःख हा आजार नव्हे

स्वतंत्र नियम नसेल तर मूल गेलेला नोकरदार काय करतो? त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. पहिला, शिल्लक असलेली रजा वापरणे. ती शिल्लक नसेल, किंवा मुलाच्या आजारपणातच संपली असेल, तर हा मार्ग बंद होतो. दीर्घ आजाराने गेलेल्या मुलाच्या आईबापांच्या बाबतीत असेच घडते. दुसरा मार्ग वैद्यकीय दाखला आणून आजारपणाची रजा घेण्याचा. यात एक खोटेपणा अंगी येतो. त्या मनुष्याला आजार नाही, त्याला दुःख झाले आहे. पण दुःखाला नियमात रकाना नसल्यामुळे डॉक्टरला काहीतरी रोगाचे नाव लिहावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे वरिष्ठांच्या दयेवर अवलंबून राहणे. वरिष्ठ समजूतदार असेल तर पंधरा दिवस कोणी विचारीत नाही, नसेल तर चौथ्या दिवशी निरोप येतो. एकाच कचेरीतील दोन माणसांना सारख्याच दुःखात निराळी वागणूक मिळते. दया ही मोठी गोष्ट आहे, परंतु ती मागावी लागते. आणि ज्या दिवशी मूल गेले त्या दिवशी काही मागण्याचे बळ माणसात नसते. म्हणून ही गोष्ट हक्क म्हणून लिहून ठेवावी, असा विचार पुढे आला.

ब्रिटनमधील कायद्याची कथा

या विषयावरील सर्वांत अधिक चर्चा झालेला कायदा ब्रिटनचा आहे. तेथे १९९९ साली रोजगारविषयक कायद्यात अशी तरतूद झाली होती की, आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास कर्मचाऱ्यास ‘वाजवी’ इतका वेळ कामावरून दूर राहता येईल. परंतु वाजवी म्हणजे किती दिवस हे सांगितले नव्हते, आणि त्या काळाचे वेतन देण्याचे बंधन मालकावर नव्हते.

ऑगस्ट २०१० मध्ये लूसी हर्ड या बाईंचा तेवीस महिन्यांचा मुलगा जॅक घराच्या बागेतील तळ्यात बुडून मरण पावला. मुलाच्या वडिलांना कामावरून अवघ्या तीन दिवसांची सुट्टी मिळाली, आणि त्यांतील एक दिवस अंत्यसंस्काराचा होता. यापेक्षा अधिक दिवस हवे असल्यास हक्काची रजा किंवा आजारपणाची रजा घ्यावी लागणार होती. हे पाहून त्या बाईंनी मूल गमावलेल्या पालकांना कायद्याने पगारी रजा मिळावी अशी मागणी सुरू केली. त्यांनी जनतेच्या सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधींच्या भेटी घेतल्या, व हे काम जवळजवळ दहा वर्षे सोडले नाही.

ब्रिटिश पार्लमेंटात हा विषय प्रथम २०१३ साली टॉम हॅरिस या सदस्यांनी व नंतर २०१६ साली विल क्विन्स या सदस्यांनी मांडला. दोन्ही वेळी तो तडीस गेला नाही. २०१७ साली केविन हॉलिनरेक यांनी खासगी सदस्याचे विधेयक आणले. या वेळी शासनाने पाठिंबा दिला, व १३ सप्टेंबर २०१८ रोजी विधेयकास राजमान्यता मिळून त्याचा कायदा झाला. त्याखालील नियम तयार होऊन ६ एप्रिल २०२० पासून तो इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे अंमलात आला. उत्तर आयर्लंडने स्वतःचा वेगळा कायदा करून तो ६ एप्रिल २०२२ पासून लागू केला. लोक या कायद्याला त्या लहान मुलाच्या नावावरून ‘जॅकचा कायदा’ असे म्हणतात.

कायद्यातील तरतुदी

या कायद्याची कलमे समजून घेतल्यास असे दिसून येईल की, दुःखी मनुष्याची स्थिती ध्यानी घेऊन ती लिहिलेली आहेत.

१. रजेचा काळ. अठरा वर्षांखालील अपत्याचा मृत्यू झाल्यास, किंवा गर्भधारणेच्या २४ आठवड्यांनंतर मृत बालक जन्मास आल्यास, आई व वडील या दोघांनाही प्रत्येकी दोन आठवड्यांची रजा मिळते. एकाहून अधिक अपत्ये गेल्यास प्रत्येकासाठी स्वतंत्र रजा असते. मृत बालक जन्मलेल्या मातेचा प्रसूतिरजेचा हक्क याशिवाय कायम राहतो.

२. रजा केव्हा घ्यावी. दोन आठवडे सलग घेता येतात, अथवा एकेक आठवडा निरनिराळ्या वेळी घेता येतो. मृत्यूपासून ५६ आठवड्यांच्या आत ही रजा केव्हाही घेता येते. वर्षाचे आठवडे ५२ असतात. मग ५६ कशासाठी? मुलाचा पहिला वर्षश्राद्धाचा दिवस या मुदतीत यावा यासाठी. कोणाला दुःखाचा पहिला आघात काम करता करता सोसवतो, परंतु वाढदिवस किंवा मृत्युतिथी जवळ आली म्हणजे पाय उचलत नाहीत. अशा माणसासाठी दुसरा आठवडा राखून ठेवण्याची सोय येथे आहे.

३. पूर्वसूचना. पहिल्या ५६ दिवसांत रजा घ्यावयाची झाल्यास कामाची वेळ सुरू होण्यापूर्वी कळविले म्हणजे पुरते. त्यानंतर घ्यावयाची असल्यास एक आठवडा आधी कळवावे लागते.

४. पुरावा. मुलाच्या मृत्यूचा दाखला मागण्याचा अधिकार मालकास नाही. वेतन मिळण्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतःच्या सहीचे निवेदन द्यावयाचे असते; तेवढे पुरेसे मानले जाते.

५. पालक कोणाला म्हणावे. जन्मदाते आईबाप व दत्तक आईबाप यांच्याबरोबरच, ज्याच्या घरी मूल मृत्यूपूर्वी निदान सलग चार आठवडे राहत होते व जो त्याचा रोजचा सांभाळ करीत होता, अशा व्यक्तीलाही पालक मानले आहे. मोल घेऊन मूल सांभाळणारी माणसे यातून वगळली आहेत. आजीआजोबांनी किंवा काकाकाकूंनी वाढविलेल्या मुलांची उदाहरणे प्रत्येक गावात असतात. त्या दृष्टीने हे कलम विचार करण्याजोगे आहे.

६. रजा व वेतन यांतील फरक. रजेचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. वेतनाचा हक्क मात्र २६ आठवडे सलग नोकरी झालेल्यास व ठराविक किमान मिळकत असलेल्यासच मिळतो. वेतनही पूर्ण नसते. २०२० साली ते आठवड्यास १५१.२० पौंड, किंवा सरासरी मिळकतीच्या ९० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते, असे ठरविले होते. पुढे हा दर वेळोवेळी वाढविण्यात आला.

या कायद्याच्या उणिवाही तेथील लोकांनी दाखवून दिल्या. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा गेल्यास आईबापाचे दुःख कमी होते काय? चोविसाव्या आठवड्यापूर्वी गर्भ गेला तर त्या मातेला काहीच मिळू नये काय? स्वतःचा धंदा करणाऱ्याने कोणाकडे रजा मागावी? यांपैकी काही प्रश्नांची दखल डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या रोजगार हक्क कायद्याने घेतली. चोविसाव्या आठवड्यापूर्वीच्या गर्भहानीसाठी, तसेच इतर आप्तांच्या मृत्यूसाठीही रजेचा हक्क देण्याची तरतूद त्यात आहे. मात्र ही वाढीव रजा बिनपगारी आहे.

खर्च कोणी सोसावा

मनुष्य कामावर नसताना त्याला वेतन द्यावयाचे तर ते कोणाच्या खिशातून, हा अशा प्रत्येक कायद्यातील कळीचा प्रश्न असतो. सर्व भार मालकावर टाकला तर दोन-तीन माणसे कामाला ठेवणारा लहान दुकानदार अडचणीत येतो. ब्रिटनमध्ये यावर असा तोडगा काढला आहे की, मालकाने वेतन प्रथम द्यावे व नंतर शासनाला देय असलेल्या रकमेतून ते वळते करून घ्यावे. मोठ्या मालकास दिलेल्या रकमेपैकी ९२ टक्के परत मिळतात. लहान मालकास पूर्ण रक्कम व हिशेबठिशेबाच्या खर्चापोटी वर थोडी भर मिळते. म्हणजे दुःखाचा हा खर्च सर्व समाज वाटून घेतो.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. गिरणीतील व कारखान्यातील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात आर्थिक साहाय्य देणारा कायदा मुंबई प्रांताने १९२९ साली केला. त्या विधेयकावर १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी असे प्रतिपादन केले होते की, मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे त्याचा बराचसा भार शासनाने उचलला पाहिजे, आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही. हाच युक्तिवाद अपत्यवियोगाच्या रजेसही लागू पडतो.

इतर देशांतील पद्धती

डेन्मार्कमध्ये २०२१ पासून अठरा वर्षांखालील अपत्य गेल्यास प्रत्येक पालकास २६ आठवड्यांपर्यंत भत्त्यासह रजा मिळू शकते. न्यूझीलंडमध्ये जवळच्या आप्ताच्या मृत्यूसाठी तीन दिवसांची पगारी रजा होती. २०२१ साली कायदा दुरुस्त करून ती गर्भपात व मृतजन्म या प्रसंगीही लागू केली, आणि ती त्या स्त्रीच्या जोडीदारालाही दिली. अमेरिकेत १९९३ चा कुटुंब व वैद्यकीय रजेचा केंद्रीय कायदा आहे, परंतु शोकासाठी रजा हा त्याचा विषय नाही. तेथील इलिनॉय राज्याने २०१६ साली पन्नास अथवा अधिक नोकर असलेल्या मालकांसाठी अपत्यशोकाच्या दहा दिवसांच्या रजेचा कायदा केला व २०२३ पासून त्याची व्याप्ती वाढविली. मात्र ती रजा बिनपगारी आहे. बिनपगारी रजेने नोकरी वाचते, पण ज्याचे घर महिन्याच्या वेतनावर चालते त्याला ती घेणे परवडत नाही. हक्क कागदावर राहतो व मनुष्य चौथ्या दिवशी कामावर येतो.

भारतातील स्थिती

भारतात अपत्याच्या मृत्यूसाठी सर्व नोकरदारांना लागू असा स्वतंत्र कायदा नाही. काही तरतुदी आहेत, त्या मुख्यतः प्रसूतीशी जोडलेल्या आहेत. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात ‘मूल’ या शब्दात मृतजात बालकाचाही समावेश केला होता. त्यामुळे बालक मृत जन्मले तरी मातेचा प्रसूती लाभ बुडत नाही. गर्भपात झाल्यास त्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा देण्याची सोयही त्याच कायद्यात होती. हा कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला असून या तरतुदी तिच्यात घेतल्या आहेत.

केंद्र शासनाने आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठी २ सप्टेंबर २०२२ रोजी एक महत्त्वाचा आदेश काढला. बालक मृत जन्मल्यास, अथवा जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दगावल्यास, मातेला ६० दिवसांची विशेष प्रसूतिरजा देण्यात येते. अशा घटनेचा मातेच्या मनावर दीर्घकाळ परिणाम होतो, हे कारण त्या आदेशातच नमूद केलेले आहे. हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असावीत व प्रसूती मान्यताप्राप्त रुग्णालयात झालेली असावी, या अटी त्यास आहेत. हा आदेश केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरता आहे, आणि त्यात पित्याचा विचार नाही. एकोणतिसाव्या दिवशी गेलेले मूल, किंवा पहिलीत बसलेले मूल, त्याच्या कक्षेबाहेर राहते.

महाराष्ट्रात शिक्षकांच्या परिचयाचे नियम म्हणजे १९८१ चे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम. त्यांत अर्जित रजा, अर्धपगारी रजा, परिवर्तित रजा, प्रसूतिरजा, असाधारण रजा इत्यादी नावे आढळतात; या यादीत शोकासाठी वेगळे नाव नाही. शिवाय रजा ही हक्क म्हणून मागता येणार नाही, असे तत्त्व त्या नियमांत आरंभीच घातलेले आहे. म्हणून ज्या शिक्षकावर असा प्रसंग ओढवतो त्याला नैमित्तिक रजेचे उरलेले दिवस, मग अर्जित किंवा अर्धपगारी रजा, अशी जुळणी करावी लागते. ब्रिटनमधील कायदा व आपले नियम यांतील मुख्य अंतर दिवसांच्या संख्येत नसून या तत्त्वात आहे: तेथे मालकाला नाही म्हणता येत नाही, येथे मंजुरी देणाऱ्याच्या विवेकावर सर्व काही अवलंबून असते.

ज्यांना रजा देणारा कोणी नाही

येथवर नोकरदारांचा विचार झाला. परंतु खेड्यातील शाळेत येणाऱ्या मुलांचे बहुतेक पालक शेतकरी, शेतमजूर किंवा ऊसतोड कामगार असतात. त्यांना महिन्याचे वेतन नाही, तेव्हा पगारी रजाही नाही.

ऊसतोडीचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून हंगामाच्या आधी उचल घेतलेली असते व ती तोडलेल्या उसाच्या मजुरीतून फिटते. एखादा दिवस काम चुकले की त्याला ‘खाडा’ म्हणतात, व खाड्याचा दंड हिशेबात धरला जातो. फडाच्या कडेला झोपविलेले मूल वाहनाखाली आले, विहिरीत पडले, किंवा थंडीतापाने गेले, तरी कोयत्याचा हिशेब थांबत नाही. गावी सुतक पाळण्यासाठी जे दहा दिवस रूढीने दिले होते ते येथे खाडे ठरतात. शोक करण्याचीही किंमत मोजावी लागते, आणि ती उचलीत जमा होऊन पुढच्या हंगामापर्यंत माणसाच्या मागे येते. अपत्यवियोगाच्या रजेचा कोणताही विचार या कुटुंबांपर्यंत पोहोचला नाही तर तो अपुरा राहील. मालक एक नाही, काम कायम नाही, अशा ठिकाणी रजेचा हक्क कोणावर बजावावा हा प्रश्न अवघड आहे. येथे कल्याणकारी मंडळे व शासकीय निधी यांमधूनच थेट साहाय्याचा मार्ग निघू शकेल.

शाळेचा संबंध

हा विषय कायदेपंडितांचा असला तरी त्याची काही कामे शाळेच्या दारी येतात.

पहिले काम सहकाऱ्यासंबंधी. शाळेतील शिक्षकावर किंवा शिक्षिकेवर असा प्रसंग आल्यास मुख्याध्यापकांनी रजेच्या अर्जाची वाट पाहू नये. कोणती रजा किती शिल्लक आहे हे सेवापुस्तकावरून पाहून अर्ज तयार करावा व तो घेऊन एखाद्या सहकाऱ्याने सहीसाठी घरी जावे. वर्गाची व्यवस्था आपसात लावून घ्यावी. सहकारी परत आल्यावर पहिल्याच दिवशी साठलेल्या टिपणांचा व नोंदवह्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवू नये. मृत्युतिथीच्या सुमारास तो एक दिवसाची रजा मागेल तेव्हा कारण विचारू नये. ब्रिटनमधील कायद्याने ५६ आठवड्यांची मुदत ठेवून जे साधले ते समजूतदार मुख्याध्यापकाला नियमाविनाही साधता येते.

दुसरे काम पालकांसंबंधी. शाळेतील विद्यार्थी अपघातात दगावल्यास राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली पालकांना अनुदान मिळू शकते, व त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. त्यासाठी मृत्यूची नोंद, पंचनामा इत्यादी कागद लागतात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी लागते, हे दुःखात बुडालेल्या घरास आठवत नाही. मजुरी करणाऱ्या आईबापाला एकेका कागदासाठी चार हेलपाटे घालावे लागले तर चार दिवसांची मजुरी बुडते. शिक्षकाने कागदांची यादी स्वतः करून, शक्य तेवढे कागद आपण मिळवून, सहीअंगठ्यासाठी घरी जावे. रजेचा पगार त्या पालकास कोणी देणार नाही. निदान त्याचे दिवस तरी वाचविता येतील.

तिसरे काम वर्गासंबंधी. गेलेल्या मुलाचे भावंड शाळेत असेल तर ते पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच परत येते, कारण घरी त्याच्याकडे पाहण्यास कोणी नसते. त्याचे लक्ष अभ्यासात लागत नाही, किंवा ते काहीच घडले नाही अशा रीतीने खेळते. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. त्याला सर्वांसमोर उभे करून सहानुभूती दाखवू नये, व त्याच्या अनुपस्थितीबद्दल जाबही विचारू नये. गेलेल्या मुलाचे नाव हजेरीपटावर असेल तर दुसऱ्या दिवशी ते सवयीने पुकारले जाणार नाही याची आधीच काळजी घ्यावी. वर्गातील मुलांना घडलेली गोष्ट सरळ शब्दांत सांगावी. ‘देवाघरी गेला’ एवढ्यावर भागवून विषय बदलल्यास मुले मनातल्या मनात भलत्याच शंका घेऊन बसतात.

चौथी गोष्ट नागरिकशास्त्राच्या पाठाची. कायदा कसा होतो हे शिकविताना विधेयकाची वाचने व सह्या यांची माहिती मुलांना कोरडी वाटते. एका सामान्य स्त्रीने आपल्या दुःखातून इतरांसाठी मागणी केली, दोन वेळा ती सभागृहात फळास आली नाही, तिसऱ्या वेळी विधेयक मंजूर झाले आणि अंमलबजावणीपर्यंत दहा वर्षे गेली, ही हकीकत सातवी-आठवीच्या वर्गाला सांगितल्यास कायद्याचे सर्व टप्पे समजतात. भारताच्या संसदेतही खासगी सदस्यांची विधेयके मांडण्याची सोय आहे. आजवर अशी केवळ १४ विधेयके कायद्यात उतरली व त्यांतील शेवटचे १९७० साली, हेही मुलांना सांगावे व असे का झाले असेल यावर त्यांना विचार करू द्यावा. ज्या वर्गात नुकताच असा प्रसंग घडला असेल तेथे मात्र हा पाठ पुढे ढकलावा.

समारोप

दोन आठवड्यांत, किंवा सव्वीस आठवड्यांतही, अपत्यवियोगाचे दुःख संपत नाही. ते संपविण्याचा दावा कोणत्याही कायद्याने केलेला नाही. आईबापाला मूल व पोट यांतून एकाची निवड त्या आठवड्यात करावी लागू नये, एवढाच अशा रजेचा हेतू आहे. आपल्याकडे हा हक्क अद्याप तुटक स्वरूपात आहे. तो काही मातांना मिळतो, पित्यांना जवळजवळ मिळत नाही, आणि कोयता धरणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतच नाही. नियम होईपर्यंत गावाने पूर्वीपासून जे केले ते चालू राहिले पाहिजे: शेजाऱ्याने भाकरी न्यावी, भावकीने शेत पेरावे, आणि शाळेने कागदाचे काम उचलावे.